ताईसाठी साठवलेलं विमान

आमच्या भावोजींच्या पायाला भिंगरी होती, आणि ती कायम दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी फिरायची. एखाद्या कारखान्यातलं यंत्र बंद पडलं, त्याचा सुटा भाग परदेशातून यायचा असला आणि मालाच्या विमानाची वाट बघायला मालकाला सवड नसली, की भावोजींच्या कंपनीला फोन यायचा. भावोजी तो भाग पाठीवरच्या पिशवीत घालून मिळेल त्या विमानानं निघायचे, कागदावर ज्याचं नाव असेल त्याच्याच हातात द्यायचे, सही घ्यायचे आणि उलट पावली परत. कधी बेअरिंग, कधी सेन्सर, एकदा तर बशीएवढं रबराचं वायसर. या कामाला ते स्वतः 'हातपोच' म्हणायचे आणि मी हमाली म्हणायचे. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

जग पाहिलेला माणूस म्हणून नातेवाइकांत त्यांना भाव होता, पण त्यांनी पाहिलं होतं ते फक्त विमानतळ. कुठला संडास स्वच्छ, कुठल्या विमानतळावरच्या खुर्च्यांना मधले हात नाहीत म्हणजे आडवं होता येतं, कुठे चहा खरोखर गरम मिळतो, एवढाच त्यांचा भूगोल. आम्ही विचारायचो, तिथली माणसं कशी असतात हो? तर म्हणायचे, सही पटकन करतात.

तिकीट कंपनी काढायची, पण त्यावरचे पॉइंट भावोजींच्या खात्यात पडायचे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जितकं लांब उडाल तितके पॉइंट, आणि ते पुरेसे साठले की विमान कंपनी तिकीट फुकट देते. भावोजींच्या बरोबरीचे लोक ते जमतील तसे उडवून मोकळे व्हायचे. कुणी सुट्टीत बायकोमुलांना समुद्रावर नेऊन आणलं, कुणी त्या पॉइंटांवर कॉफीचं यंत्र उचललं. भावोजींना हे बघवायचं नाही. त्या कॉफीवाल्याशी तर ते काही महिने धड बोललेसुद्धा नाहीत.

त्यांच्या साठवण्याला एक कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी ताई. त्यांचा एकुलता एक मुलगा छोट्या (सहा फुटी झाला तरी छोट्याच) फार लांबच्या देशात नोकरीला लागला. मोठाल्या दुकानांतले फ्रीज आणि थंड खोल्या दुरुस्त करायचं काम. तो गेला त्याच वर्षी ताईच्या कमरेनं दगा दिला, मणक्यातली चकती सरकली. आम्ही तिघं एका नातेवाइकाकडे जायला दिवसभर बसमध्ये बसलो होतो. उतरायची वेळ आली तर ताईला उठताच येईना. ड्रायव्हरनं आणि भावोजींनी तिला उचलून खाली घेतलं आणि बसस्टँडवरच्या बाकावर निजवलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. एक बाई तर मुलाला कडेवर घेऊन अगदी समोर येऊन उभी राहिली, सर्कस बघायला आल्यासारखी. ताई तोंडावर रुमाल टाकून पडली होती आणि रुमालाखाली रडत होती. भावोजी तिच्या उशाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "छोट्याकडे जाशील तेव्हा झोपून जाशील. शब्द देतो."

विमानाच्या पुढच्या भागात तशा सीट असतात. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि सरळ पलंग होतो. त्यावर उशी, पांघरूण, सगळं. भावोजी आयुष्यभर त्या पलंगांच्या मधून वाट काढत मागच्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडे गेले होते. त्यातला एक ताईसाठी आणि शेजारचा स्वतःसाठी, तोही जाऊन-येऊन, एवढं त्यांनी ठरवलं. त्याला साध्या सीटच्या कितीतरी पट पॉइंट लागायचे. मी तिला लोळायची सीट म्हणायचे आणि ते चिडायचे.

मग जे साठवणं सुरू झालं, त्यापुढे घरात दुसरा विषयच उरला नाही. परतीला सरळ येणारं विमान असलं तरी भावोजी वळसा घालून यायचे, कारण मध्ये दोनदा विमान बदललं की पॉइंट जास्त. कपडे धुवायच्या एका पावडरीवर पॉइंट मिळतात असा त्यांना शोध लागला, तेव्हा तिच्या पिशव्या पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर, जागा मिळेल तिथे येऊन पडल्या. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर ब्युटी पार्लर चालवते. माझे टॉवेल कित्येक वर्षं फुकट धुतले गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. ताई दुपारी पार्लरमध्ये येऊन बसायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगायची की आमचे हे मला झोपवून नेणार आहेत. बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या, मग तीही हसायची. तिला त्याचा केवढा अभिमान होता.

पुढे व्यायामानं ताईची कंबर बरी झाली. ती पूर्वीसारखी तिसऱ्या मजल्यापर्यंत चालत जायला लागली, बसमध्ये बसायला लागली. लोळायच्या सीटचं कारण संपलं होतं, शब्द मात्र तसाच राहिला. दिलेला शब्द बदलायला भावोजींना कुणी शिकवलंच नव्हतं.

मधल्या काळात छोट्याचे तिकडचे कागद अडकले. त्याला तिथे राहता येत होतं, कामही करता येत होतं, पण एकदा त्या देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेणार नव्हते. निकाल कधी लागेल ते त्याच्या वकिलालाही सांगता येईना. म्हणजे मायलेकरांची भेट व्हायची तर ताईनंच जायला हवं होतं. साध्या सीटपुरते पॉइंट केव्हाच झाले होते, आरामात झाले होते. मी म्हटलं, जाऊन या की एकदा, परत साठवता येतील. भावोजी म्हणाले, थोडेच राहिलेत, आता वाटेत उधळले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताईनं त्यांची बाजू घेतली. मी दोघांनाही वेड्यात काढलं आणि खाली निघून आले.

मग ताईला खोकला लागला. सुका, ठसक्यासारखा, जायचं नाव घेईना. औषधं झाली, वाफा झाल्या, हवा बदलली म्हणून झालं, आणि शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची फुप्फुसं पडद्यावर दाखवून सांगितलं की ती आतून जाड आणि कडक होत चालली आहेत. थांबवायचं औषध होतं, बरं करायचं नव्हतं. ताईनं त्यांना एकच प्रश्न विचारला, विमानात बसता येईल का? त्या म्हणाल्या, वर हवा विरळ असते. आत्ता जाणार असाल तर ऑक्सिजनचं लहान यंत्र बरोबर न्या, विमान कंपनीच्या फॉर्मवर मी सही देते. नंतर मला देता येणार नाही.

यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? घरी येताना जिन्यातच मी भावोजींना गाठलं आणि म्हटलं, आजच्या आज साधी दोन तिकिटं काढा. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. वर गेल्यावर त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि म्हणाले, चार-पाच फेऱ्यांचा प्रश्न आहे, दोन महिन्यांत होतात. एवढ्या लांब अशा आजारी बाईला खुर्चीत अवघडून कसं न्यायचं? तिला तर नीट झोपून गेलं पाहिजे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं ऐकायला चुकीचं वाटत नव्हतं. आजारी माणसाला आडवं करावं, हे कुणालाही पटेल.

त्यांनी त्या चार-पाच फेऱ्या केल्या. जीव तोडून केल्या. आणि त्या पुऱ्या होत आल्या तेव्हा विमान कंपनीनं भाव बदलला. काल ज्या सीटला अमुक पॉइंट लागत होते, तिला आज जवळपास दीडपट. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसता एक गोड भाषेतला निरोप. भावोजी तो निरोप मोबाइलवर परत परत वाचत होते, खालीवर करत होते, जणू कुठेतरी तळाशी त्यांच्यापुरती सूट लिहिली असेल. मी म्हटलं, आता तरी साधी काढा. तर म्हणाले, एवढं केलं आणि शेवटी मागच्या रांगेत बसवू होय? ताईची एकटीची लोळायची सीट काढा, तुम्ही मागे बसा, हेही सांगून पाहिलं. वाटेत तिला धाप लागली तर कोण बघणार, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी पाठीला लावून निघाले. जगातल्या प्रत्येक बंद यंत्रापाशी हा माणूस वेळेवर पोचत होता.

ते असे उडत असताना ताई माझ्याकडे असायची, किंवा मी वर तिच्याकडे. घरात ऑक्सिजनचं मोठं यंत्र आलं. त्याच्या घरघरीत टीव्ही ऐकू यायचा नाही. आधी ती एक उशी जास्त मागायला लागली, मग दोन. मग पलंगावर भिंतीला पाठ लावून बसूनच झोपायला लागली. आडवी झाली की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं तिला, घाबरून उठायची. भावोजी दोन दिवस घरी असायचे, तेव्हाही बाहेरच्या सोफ्यावर मोबाइल चार्जिंगला लावून झोपायचे, कारण फोन कधीही येईल आणि ताईची झोप मोडेल. त्यामुळे त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. ताईनंही सांगितलं नव्हतं. मला कळायला हवं होतं की तिनं सांगितलेलं नाही.

ते असंच एकदा घरी आले आणि हसत म्हणाले की आता एकच मोठी फेरी, की ताई झोपून निघाली. माझा तोल गेला. मी म्हटलं, "भावोजी, ताई झोपू शकत नाही. कित्येक महिने झाले ती आडवी झालेली नाही. तुम्ही कुणासाठी पलंग साठवताय?"

ते आतल्या खोलीत गेले, भिंतीला लावलेल्या उशांकडे बघून आले, आणि समोर बसले. मला वाटलं आता हा माणूस रडेल, आणि रडला तर बरं होईल. ते म्हणाले की त्या सीटची पाठ हवी तेवढी वर करता येते. तिरकी ठेवता येईल. मी उठून भांडी घासायला लागले, नाहीतर हातून काहीतरी फेकलं गेलं असतं.

त्यांचा राग करणं सोपं होतं, आणि तो मी भरपूर केला. पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती. साधी तिकिटं काढणं म्हणजे ही भेट शेवटची आहे हे कबूल करणं. साठवत राहिलं की पुढे काहीतरी आहे असं वाटत राहतं. ते पॉइंट साठवत नव्हते, ताईला साठवत होते, आणि ती मुठीतून सांडत होती. एवढं कळूनही माझा राग कमी झाला नाही.

शेवटी ताईच बोलली. ती मोठी फेरी करून ते सकाळी आले होते. ताई खिडकीपाशी खुर्चीत होती, नाकाला नळी होती. भावोजी पिशवी खाली ठेवत होते तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, मी बसून येईन. उभ्यानं येईन. पण आता न्या मला."

एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. लग्नानंतर तिनं त्यांच्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. भावोजी बूटही न काढता संगणकापाशी बसले. पॉइंट भरले होते. दोन लोळायच्या सीट, जाऊन-येऊन, पुढच्याच आठवड्याच्या. त्यांनी बटण दाबलं आणि इतक्या वर्षांचं सगळं एका क्षणात रिकामं झालं. मला म्हणाले, झालं बघ.

घोडं अडलं ते फॉर्मवर. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, ताईला खोलीतल्या खोलीत चालवलं आणि पेन बाजूला ठेवलं. म्हणाल्या, मी सही केली तर मी तुम्हाला फसवीन. भावोजींनी हात जोडले. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी का नाही आलात, आणि मग त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी आमच्यासाठी पाणी मागवलं.

फॉर्मशिवाय यंत्र विमानात नेता येत नव्हतं. यंत्र नेलं तर फॉर्म मागणार. तेव्हा यंत्राशिवाय जायचं, धडधाकट माणसासारखं जायचं, असं ताईनं ठरवलं. मी विरोध करायला हवा होता असं पुष्कळजण म्हणतात. त्यांनी तिचा चेहरा पाहिलेला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काही करायची जिद्द दिसत होती. वाटेत काही झालं तर, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की छोट्याच्या दिशेनं जाताना होईल ना.

आम्ही तालीम केली. दारापासून खिडकीपर्यंत नळी काढून चालायचं, धाप न दाखवता. विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचं, हो, नाही, बरी. खोकला आला तर बाटलीतलं पाणी प्यायचं, म्हणजे ठसका लागल्यासारखं वाटेल. निळ्या पडलेल्या ओठांचं काम माझ्याकडे होतं. नुसती लिपस्टिक लावली तर निळा खालून डोकावतो. आधी नारिंगी रंगाचा हलका हात मारावा लागतो, मग वर गुलाबी. नखांना गडद लाल पॉलिश. गालांना थोडा रंग. आयुष्यात मी इतक्या नवऱ्या सजवल्या, पण कुणाच्या चेहऱ्यावर इतकं जीव लावून काम केलं नव्हतं. आरशात बघून ताई म्हणाली, "छोट्या ओळखेल ना गं मला?" ती इतकी छान दिसत होती.

विमानतळावर मी आत जायचा पास काढून सोडायला गेले. साध्या सीटवाल्यांची रांग लांबलचक होती, नागमोडी, ट्रॉल्या एकमेकींवर आपटत होत्या. खिडकीतली मुलगी मान वर न करता पासपोर्ट घ्यायची, बॅग ओढायची, कागद द्यायची. माझ्या डोळ्यांदेखत एक म्हातारबुवा सुनेच्या खांद्यावर जवळजवळ लोंबकळत तिथून पार झाले. पण आमचं तिकीट लोळायच्या सीटचं. आमच्यासाठी वेगळा दरवाजा, आत गालिचा, सोफे, फुलं. रांग नाहीच. आत पाऊल टाकताक्षणी एक हसऱ्या चेहऱ्याची बाई समोर आली, ताईचा हात हातात घेतला आणि बसा म्हणाली. सरबत आणलं. आणि मग पाहुणचाराचा भाग म्हणून ती ताईसमोर गुडघ्यावर बसून तिच्याशी बोलायला लागली. कुणाकडे निघालात, मुलाकडे का, किती वर्षांनी भेटणार, प्रवासात काय खायला आवडेल?

एका शब्दाची उत्तरं तिथे चालेनात. ताई दोन वाक्यं बोलली आणि तिसऱ्याच्या मध्येच तिचा श्वास संपला. तिनं पाणी प्यायलं. त्या बाईनं हात सोडला नव्हता, तिच्या हाताला ताईची थंडगार बोटं लागत होती. तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. ती म्हणाली, एक मिनिट हं, आणि विमानतळावरच्या डॉक्टरला घेऊन आली.

तो तरुण होता, स्वभावानं चांगला होता. त्यानं खिशातून तसाच चिमटा काढून ताईच्या बोटाला लावला, नखांकडे पाहिलं, आणि कापसावर काहीतरी ओतून एका नखावरचं पॉलिश पुसून काढलं. खालचं नख निळं होतं. ताई त्या नखाकडे बघत राहिली. भावोजी त्याच्या मागे मागे फिरत होते, सांगत होते की ही झोपूनच जाणार आहे, पाठ तिरकी ठेवू, मी शेजारीच आहे, मी नेहमी उडतो, हे बघा माझं कार्ड. आयुष्यात कधी कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस मग ओरडला की आम्ही काही फुकटात आलेलो नाही. सोफ्यावरचे लोक वळून बघायला लागले. डॉक्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की मी यांना चढू दिलं तर त्या उतरणार नाहीत. बॅगा परत आल्या. ताईच्या नावापुढे नोंद झाली की डॉक्टरच्या सहीशिवाय हिला पुढे कुठल्याच विमानात घेऊ नये, म्हणजे आता त्या नागमोडी रांगेचाही उपयोग राहिला नाही.

बाहेरच्या बाकावर आम्ही टॅक्सीची वाट बघत बसलो. भावोजींच्या मोबाइलवर टिंग वाजलं. त्यांनी सवयीनं उघडून पाहिलं. विमान कंपनीनं सगळे पॉइंट परत दिले होते आणि झालेल्या तसदीबद्दल वर आणखी घातले होते. ताईनं विचारलं काय आलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी सांगितलं. ताई थोडा वेळ समोरच्या गाड्या बघत होती. मग म्हणाली, "बरेच झाले की मग आता."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं आयुष्यभर कधी टोमणा मारलाच नाही, ते खातं माझ्याकडे. तिला खरंच त्यांना बरं वाटावं असं वाटत होतं. भावोजी मान खाली घालून बसले ते टॅक्सी येऊन हॉर्न वाजेपर्यंत. मग ताईनं छोट्याला फोन लावला आणि सांगितलं की आज निघत नाही, तू विमानतळावर यायची घाई करू नकोस. तो म्हणाला उद्या का? ती म्हणाली, बघू. त्यानं तिच्यासाठी नवीन गादी आणली होती, ते दाखवायला त्यानं फोन गादीवर फिरवला. ताई म्हणाली, छान आहे, जाड आहे.

त्यानंतर ती तीन आठवडे होती. भावोजींनी नोकरी सोडली आणि ते तिच्या पलंगावर, तिच्या पाठीमागे बसायला लागले, म्हणजे तिला उशांऐवजी त्यांच्या अंगावर रेलता यायचं. तशीच ती झोपायची, बसल्या बसल्या, त्यांच्या छातीला पाठ लावून, आणि ते हलायचे नाहीत. त्यांना मुंग्या यायच्या, पाय धरायचा, पण हलायचे नाहीत. मी वर गेले की दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलेले दिसायचे. गेली तीही तशीच. भावोजींना बराच वेळ कळलं नाही, की कळूनही ते तसेच बसून राहिले, हे मी विचारलेलं नाही. छोट्याला येता आलं नाही. त्यानं फोनवर सगळे अंत्यविधी पाहिले आणि शेवटी त्याच्या हातून फोन पडला.

मी भावोजींना माफ केलं का? काही दिवस करते आणि काही दिवस नाही.

दोन महिन्यांनी ते छोट्याकडे जाऊन आले. पॉइंटांवर गेले, साध्या सीटवर, मागच्या रांगेत, संडासाजवळ. लोळायची सीट मिळत होती, विमान कंपनीनं स्वतःहून विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. परत आल्यावर ते पार्लरमध्ये आले. गिऱ्हाइकं गेली होती, मी केस झाडत होते. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि मी विचारल्याशिवाय बोलायला लागले. छोट्याचं घर बरं आहे, खोली लहान आहे, तो नीट जेवतो, गादी अजून तशीच गुंडाळून ठेवलीये. मग थांबले. मला वाटलं, झालं सांगून. मी केरसुणी ठेवली.

"मी तिकडच्या विमानतळाच्या दारातून बाहेर आलो," ते म्हणाले, "तर छोट्या समोरच उभा होता. मला बघून हात केला. पण जवळ येण्याआधी त्यानं माझ्या मागं बघितलं. सगळं माहीत असून बघितलं गं त्यानं."

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"मग मीही वळून बघितलं," भावोजी म्हणाले.